रिंगमध्ये उतरा, पण त्या तारखेला नाही

वाचकाचं पत्र:

"मी ३१ वर्षांचा व्यावसायिक फुटबॉलपटू आहे. सेंटर बॅक म्हणून खेळतो, कारकीर्द बरीचशी दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्येच गेली. दोन महिन्यांनी करार संपतोय आणि क्लबने तो वाढवणार नसल्याचं कळवलंय. लहानपणापासून मला रेसलिंगचं वेड. एका रेसलिंग कंपनीने मला त्यांच्या मोठ्या शोमध्ये लढत देऊ केली आहे. शो तीन महिन्यांवर आलाय. 'सहा आठवड्यांत तुम्हाला तयार करतो' असं ते म्हणतात. बायकोला भीती वाटते. वडील म्हणतात, खऱ्या खेळात नाव कमावलंस, आता खोट्या मारामारीत ते घालवणार का? डोक्याला मार लागून दोनदा मैदान सोडावं लागलं होतं, पण आता काही त्रास नाही. खरं सांगायचं तर मला तो गर्दीचा आवाज सोडवत नाहीये. उशीर झालाय का? काय करू?"

नमस्कार,

पत्र वाचताना मी अडखळले ती डोक्याच्या मारापाशी. 'पण आता काही त्रास नाही' असं म्हणून तुम्ही तो विषय एका वाक्यात मिटवलात. मी मात्र सुरुवात तिथूनच करणार आहे. वय, वडील, गर्दी हे सगळं त्यानंतर.

तुम्ही सेंटर बॅक, म्हणजे बचावफळीच्या मधोमध. उंचावरून आलेला जवळपास प्रत्येक चेंडू डोक्याने परतवणं हेच तुमचं काम. सामन्यातले हेडर लोकांना दिसतात, सरावातले कोणी मोजत नाही. ग्लासगोतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या नोंदी तपासल्या. मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी मृत्यू होण्याचं प्रमाण त्यांच्यात सर्वसामान्य लोकांच्या सुमारे साडेतीन पट निघालं. याच गटाने २०२१ मध्ये मैदानावरच्या जागेनुसार आकडे पाहिले. सर्वाधिक धोका बचावपटूंना होता, गोलरक्षकांना सगळ्यात कमी. हे वाचून घाबरून जाऊ नका, कारण एका माणसाचं भविष्य असल्या आकड्यांतून कळत नसतं. पण तुम्ही रिंगमध्ये जाल ते कोरं डोकं घेऊन जाणार नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

ख्रिस्तोफर नोविन्स्कीचं उदाहरण माहीत करून घ्या. हार्वर्डमध्ये तो अमेरिकन फुटबॉल खेळला आणि नंतर डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकेतल्या मोठ्या रेसलिंग कंपनीत रेसलर झाला. २००३ मध्ये रिंगमध्ये डोक्याला मार बसला, तो तसाच लढत राहिला आणि शेवटी डोकेदुखी, विसराळूपणा यांनी त्याची कारकीर्दच संपवली. डॉक्टरांसमोर बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की फुटबॉल खेळताना बसलेले, 'जरा गरगरलं' म्हणून सोडून दिलेले धक्केही त्याच हिशेबात धरायचे असतात. पुढे २००७ मध्ये त्याने मेंदूचे शल्यचिकित्सक रॉबर्ट कँटू यांच्याबरोबर याच विषयावर काम करणारी संस्था उभी केली. तुम्ही 'दोनदा' लिहिलंय ते मैदान सोडावं लागलं तेव्हाचं. मैदान न सोडता, डोळ्यांपुढे अंधारी येऊनही उरलेली वीस मिनिटं खेळून काढलीत, असं किती वेळा झालं? तोच आकडा मेंदूविकारतज्ज्ञांना सांगा, आणि खरा सांगा.

सोबत मानेचाही एमआरआय करून घ्या. मानेच्या मणक्यातली मज्जारज्जूची जागा अरुंद असेल तर रिंग तुमच्यासाठी नाही, तो विषय तिथेच संपला. एज या नामवंत रेसलरला २०११ मध्ये नेमक्या याच कारणाने थांबावं लागलं. तो २०२० मध्ये परतला, पण मधली नऊ वर्षं गेली. या तपासण्या करार चालू असतानाच करा. आज तुमच्यामागे क्लबचे डॉक्टर आहेत, विमा आहे. दोन महिन्यांनी यातलं काहीच नसेल. तुमची सगळी वैद्यकीय कागदपत्रं, गुडघ्यापासून डोक्यापर्यंत, क्लबकडून मागून घेऊन जपून ठेवा.

डॉक्टरांनी नको म्हटलं तर हे उत्तर इथेच थांबवा. रेसलिंगमध्ये मॅनेजर असतात, समालोचक असतात, पंच असतात. ज्याला हे वेड खरोखरच आहे त्याला रिंगभोवती बरीच कामं मिळतात. डॉक्टरांनी हो म्हटलं तर पुढे वाचा.

आधी वयाचा प्रश्न मोकळा करते. उशीर झालेला नाही. डायमंड डॅलस पेज पस्तिशीत रेसलर म्हणून उभा राहिला आणि ४३व्या वर्षी, १९९९ मध्ये, डब्ल्यूसीडब्ल्यू या तेव्हाच्या मोठ्या अमेरिकन रेसलिंग कंपनीचा विश्वविजेता झाला. आज सिनेमात दिसणारा बटिस्टा मोठ्या पडद्याच्या आधी ज्या रिंगमधून लोकांना माहीत झाला, तिथे तो तेहतिशीत आला. तेव्हा ३१ हे वय ठीक आहे. ठीक नाहीत ते 'सहा आठवडे'.

का, ते सांगते. रिंगचा मधला भाग टीव्हीवर गादीसारखा दिसतो. प्रत्यक्षात पोलादी चौकटीवर लाकडी फळ्या असतात, त्यांवर फोमचा पातळ थर आणि वर ताणलेलं कॅनव्हास. त्यावर पाठीवर पडायला शिकणं हा पहिला धडा. त्याला बंप म्हणतात. हनुवटी छातीला घट्ट टेकवायची, म्हणजे डोकं मागे झटकून आपटत नाही. पडायचं ते पाठीच्या वरच्या, रुंद भागावर. कंबरेवर नाही, कोपरावर नाही. त्याच क्षणी दोन्ही हात अंगापासून थोडे दूर, तळवे खाली करून जोरात आपटायचे आणि श्वास बाहेर सोडायचा. दणका त्यामुळे अंगभर वाटला जातो. वाचायला सोपं वाटतं. आता तुमचं शरीर काय करेल ते बघा. पंधरा-वीस वर्षं तुम्ही तोल गेला की हात मागे टेकून सावरत आलात आणि पडल्या पडल्या उठून चेंडूमागे धावत आलात. मागे टेकलेला तो हात रिंगमध्ये मनगट मोडतो. ही सवय डोक्याने सोडायची नसते, अंगाने सोडायची असते, आणि अंग सहा आठवड्यांत ऐकत नाही. पन्नासाव्या बंपला ते बरोबर पडेल. पण लढतीत दम लागलेला असताना, दिवे डोळ्यांवर असताना, एक्कावन्नाव्याला जुनी सवय परत येईल.

मग दोर. टीव्हीवर ते लवचिक दिसतात. काही कंपन्या टेप गुंडाळलेला जाड दोर वापरतात, काही ठिकाणी रबरी नळी चढवलेली पोलादी केबल असते. मोजून पावलं टाकत त्यावर पाठ द्यायची, वरचा दोर हाताने धरायचा, म्हणजे तो निसटला किंवा तुटला तरी तुम्ही बाहेर फेकले जात नाही. सुरुवातीला बरगड्यांवर आणि काखेखाली काळेनिळे पट्टे उठतात. नव्या पोरांपैकी बरेच जण याच टप्प्यावर गळतात. तुम्ही गळणार नाही असं मला वाटतं, व्यावसायिक खेळाडूला दुखणं अंगावर काढायची सवय असते. पण त्या सवयीचाही इथे तोटा आहे, कारण कुठलं दुखणं साधं आणि कुठलं मानेतून आलेलं, हे नव्या माणसाला कळत नाही.

फुटबॉलपटूंच्या जमेच्या बाजूही आहेत. पावलं हलकी असतात, अंतराचा अंदाज असतो. हजारो लोकांपुढे पाय लटपटत नाहीत, हे तर फार थोड्या नवशिक्यांकडे असतं. दमसास असतो, पण तो आहे तसा इथे चालत नाही. नव्वद मिनिटं धावणारा माणूस रिंगमध्ये पाच मिनिटांत धापा टाकू लागतो, कारण प्रत्येक बंपला छातीतली हवा निघून जाते आणि ताणाखाली माणूस श्वास रोखून धरतो.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते. बचावपटूची सगळी घडण समोरच्याचा बेत मोडण्यात झालेली असते. त्याला वळू द्यायचं नाही, चेंडू पायाशी येऊ द्यायचा नाही, हवेत तो उडाला तर त्याच्याआधी उडायचं. रिंगमध्ये समोरचा तुमच्या खांद्यावर उलटा असतो, त्याची मान तुमच्या हातात असते आणि तो बिनधास्त आहे, कारण तुम्ही त्याला नीट खाली आणणार याची त्याला खात्री आहे. थोड्या वेळाने तुमची मान त्याच्या हातात. लढत पाहणाऱ्याला वैर दिसतं. आत मात्र दोघं एकमेकांना हळू आवाजात पुढची चाल सांगत असतात, हाताच्या दाबाने 'ठीक आहेस ना' विचारत असतात. अनोळखी माणसं एकत्र लढू शकावीत म्हणून इथल्या काही रीती ठरून गेल्यात. अमेरिकन पद्धतीत पकडी, हेडलॉक सगळं शक्यतो डाव्या बाजूने, मेक्सिकोच्या लुचा लिब्रेमध्ये उजव्या बाजूने. म्हणजे समोरचा कुठून येणार हे तुमच्या अंगाला आधीच ठाऊक असतं.

हे चुकलं की काय होतं, त्याचं उदाहरण अव्वल दर्जाच्या माणसांचं आहे. १९९७ च्या समरस्लॅम या मोठ्या रेसलिंग शोमध्ये ओवेन हार्ट आणि स्टीव्ह ऑस्टिन लढत होते. ओवेन अत्यंत कसलेला, रेसलरांच्या घराण्यातला. त्याने ऑस्टिनला उलटं धरून पाइलड्रायव्हर, म्हणजे डोकं खाली ठेवून आपटण्याचा डाव, मारला तेव्हा ऑस्टिनचं डोकं गुडघ्यांच्या खाली राहिलं होतं. मानेला जबर इजा झाली, काही वेळ हातापायांत संवेदना नव्हती. कशीबशी एक साधी पकड करून लढत संपवली गेली. ऑस्टिन त्यानंतर रेसलिंगमधला सगळ्यात मोठा तारा झाला, पण मान पूर्वीसारखी झाली नाही आणि २००३ मध्ये, ३८व्या वर्षी तो थांबला. फरक होता काही इंचांचा. सहा आठवडे शिकलेल्या माणसाच्या हातात दुसऱ्याची मान देणारी कंपनी त्या दुसऱ्या माणसाचाही विचार करत नाहीये. तुमच्या जोखमीबद्दल तुम्ही ठरवाल. त्याच्या जोखमीबद्दल तुम्हाला एकट्याने ठरवता येत नाही.

तुमच्याआधी या वाटेने गेलेल्या दोघांबद्दल तुम्ही बहुधा वाचलं असेल.

टिम वीझे हा वेर्डर ब्रेमेनचा गोलरक्षक. २००९ मध्ये त्याने जर्मन कप जिंकला. २०१० च्या विश्वचषकात तो जर्मनीच्या संघात होता. २०१२ मध्ये होफेनहाइमला गेला, तिथे काही जमलं नाही, आणि जानेवारी २०१४ मध्ये करार मुदतीआधीच संपवण्यात आला. त्याने व्यायामशाळेत इतकं शरीर कमावलं की जुन्या छायाचित्रांतला माणूस ओळखू येईना. डब्ल्यूडब्ल्यूईने त्याला ऑरलँडोच्या आपल्या प्रशिक्षण केंद्रात नेलं आणि ३ नोव्हेंबर २०१६ रोजी म्युनिकमध्ये तो 'द मशीन' म्हणून रिंगमध्ये उतरला. शेमस आणि सेझारो त्याचे जोडीदार, समोर बो डॅलस, प्रिमो आणि एपिको. वीझेचा संघ जिंकला, प्रेक्षक खूश झाले. डब्ल्यूडब्ल्यूईत त्याची ती पहिली लढत होती आणि तीच शेवटची.

दुसरा ग्रँट होल्ट. नॉरिच सिटीचा स्ट्रायकर. तो असताना नॉरिच तिसऱ्या श्रेणीतून लागोपाठ दोन हंगामांत प्रीमियर लीगमध्ये आलं आणि तिथल्या पहिल्याच हंगामात, २०११-१२ मध्ये, त्याने १५ गोल केले. २०१८ मध्ये, ३७ वर्षांचा असताना, नॉरिचमध्येच असलेल्या 'वर्ल्ड असोसिएशन ऑफ रेसलिंग' या कंपनीत तो गेला. ही नाइट कुटुंबाची कंपनी, डब्ल्यूडब्ल्यूईची माजी विजेती पेज याच घरची. पहिला शो झाला कॅरो रोडवर, म्हणजे जिथे त्याने ते गोल केले त्याच मैदानावर, आणि बऱ्याच जणांच्या एकत्र लढतीत, म्हणजे रम्बलमध्ये, तो शेवटपर्यंत टिकून जिंकला.

होल्टचं पदार्पण मला जास्त शहाणपणाचं वाटतं. त्याचं गाव, त्याचे लोक. शिवाय रम्बलमध्ये रिंगभर माणसं असतात, तिथे नवख्याला सांभाळून घेता येतं, श्वास घ्यायला कोपरा मिळतो, उंचावरून पडायची वेळ कमी येते. पहिली लढत ठरवताना हा विचार कोणीतरी केलेला होता. वीझेच्या लढतीतही दोन कसलेले जोडीदार दिले होते, हेही तेवढंच खरं. तुम्हाला देऊ केलेली लढत एकास एक आहे की संघाची, हे पत्रात नाही. विचारलंत का? विचारलं नसेल तर आज विचारा.

आणि एक गोष्ट दोघांत सारखी आहे. पहिलं दार दोघांच्याही नावाने उघडलं. नाव तिकिटं खपवतं, पोस्टर छापतं, प्रवेशाच्या संगीताला टाळ्या मिळवून देतं. त्यानंतरच्या दहा मिनिटांत नावाचा काही उपयोग नसतो. आणि दुसऱ्या शोला तर मुळीच नसतो, कारण 'तो फुटबॉलवाला रेसलिंग करतो म्हणे' ही उत्सुकता एकदाच असते.

अमेरिकन फुटबॉलमधून रेसलिंगमध्ये येणारे भरपूर आहेत. गोल्डबर्ग अटलांटा फाल्कन्समध्ये होता, ड्वेन जॉन्सन कॅनडातल्या कॅलगरीच्या संघातून १९९५ मध्ये वगळला गेला आणि मग रेसलिंगकडे वळला, रोमन रेन्स एडमंटनकडून खेळला. आपल्या फुटबॉलमधून येणारे बोटांवर मोजण्याइतके. माझ्या मते याचं मोठं कारण शरीर आहे. त्यांचं शरीर धडकेसाठी घडवलेलं असतं, मान आणि खांदे जड. तुमचं घडवलेलं असतं ते धावण्यासाठी. म्हणून वजन वाढवायची घाई करू नका. वर्षभर मानेचे, खांद्यांचे, पाठीचे व्यायाम करा आणि वजन त्यातून आपोआप वाढेल तेवढंच वाढू द्या. शरीर लवकर फुगवण्यासाठी कोणी गोळ्या-इंजेक्शनांची वाट सुचवली तर त्या माणसाशी पुन्हा बोलू नका.

पैशांबद्दल थोडक्यात. फुटबॉलमध्ये करार होता, जखमी असलात तरी पगार होता, मागे खेळाडूंची संघटना होती. रेसलिंगमध्ये संघटना नाही. जेसी व्हेंचुरा या रेसलरने १९८६ च्या सुमारास ती बांधायचा प्रयत्न केला होता, तो फसला. डब्ल्यूडब्ल्यूईसारखी कंपनीसुद्धा आपल्या रेसलरांना नोकरदार मानत नाही, स्वतंत्र कंत्राटदार मानते. छोट्या कंपन्यांत तर शोमागे मानधन मिळतं, प्रवास आणि पोशाख अनेकदा स्वतःच्या खिशातून, आणि बरेच रेसलर दिवसा दुसरं काम करतात. तेव्हा पहिली दोन वर्षं घर कशावर चालेल याचं उत्तर रेसलिंगबाहेरचं हवं. क्लबच्या युवा संघाला शिकवण्याचं काम मिळत असेल तर घ्या. प्रशिक्षकाचा परवाना काढायचा असेल तर आत्ताच नाव नोंदवा.

करार वाचताना दोन गोष्टी बघा. सध्याच्या करारात धोकादायक खेळ क्लबच्या परवानगीशिवाय खेळायचे नाहीत असं कलम बहुतेक असणारच. म्हणजे येत्या दोन महिन्यांत लेखी परवानगीशिवाय रिंगमध्ये पाऊल ठेवायचं नाही, सरावालाही नाही. आणि रेसलिंग कंपनीच्या करारात तुमचं रिंगमधलं नाव, तुमचा चेहरा, तुमच्या फुटबॉलच्या दिवसांची ओळख कोणाच्या मालकीची होते ते बघा. सही करण्याआधी हे वकिलाला दाखवा.

वडिलांकडे येते. 'खोटी मारामारी' हा शब्द तुम्हाला लागलाय हे कळतं. निकाल ठरलेला असतो, हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे आणि ते नाकारून वाद जिंकता येणार नाही. पण पडणं ठरलेलं असलं तरी फळी लाकडाचीच असते. त्यांना एखादा दिवस सरावाला घेऊन जा, शोला नको. शोमध्ये दिवे आणि आरडाओरडा असतो, त्यांना हवा तो पुरावा मिळेल. सरावाच्या हॉलमध्ये त्यांना दिसेल की तरणीताठी पोरं एकच उडी परत परत कशी मारतात आणि प्रत्येक वेळी आधी समोरच्याला विचारतात, लागलं का. तुम्ही सरावासाठी पहाटे उठलेलं त्यांनी लहानपणापासून पाहिलंय. मेहनत त्यांना ओळखू येते.

त्यांच्या बोलण्यात आणखी एक भीती आहे. लोक तुमच्यावर हसतील ही. हसतील काही जण. पंचासमोर लोळण घेणाऱ्या फुटबॉलपटूंवर रेसलिंगचे चाहते कायमच हसत आलेत, तुमच्या प्रवेशालाच ते जमिनीवर लोळून दाखवतील. तुम्ही त्यावर चिडू नका, त्याचा वापर करा. खलनायकाची भूमिका, ज्याला तिथे हील म्हणतात, ती माजी फुटबॉलपटूला चांगली शोभते. हलकासा धक्का लागला की पाय धरून किंचाळायचं, पंचाकडे कार्ड मागायचं, आणि पंच वळला की टाच मारायची. मैदानावर ज्या गोष्टीसाठी पिवळं कार्ड मिळतं, तिच्यासाठी इथे हॉल डोक्यावर घेतला जाईल. पण वेदना दाखवण्याचंही एक शास्त्र आहे. पाचव्या मिनिटाला गुडघ्यावर घाव बसला असेल तर बाराव्या मिनिटालाही तुम्ही लंगडलंच पाहिजे, जिंकताना सुद्धा. ते विसरलं की प्रेक्षकांचा विश्वास उडतो, आणि समोरच्याने घेतलेली सगळी मेहनत पाण्यात जाते.

आता गर्दी. 'गर्दीचा आवाज सोडवत नाहीये', हे तुमच्या पत्रातलं सगळ्यात खरं वाक्य आहे. त्यात लाज वाटावी असं काहीच नाही. कारकीर्द संपताना भल्याभल्यांना हेच होतं, पगार जाण्यापेक्षा ती शांतता जास्त खायला उठते. पण या एका कारणावर रेसलिंग उभं राहत नाही. रेसलरचा आठवडा बहुतांश रिकाम्या हॉलमध्ये जातो. छोट्या कंपन्यांचे शो शंभर-दीडशे माणसांपुढे होतात, कधी त्याहून कमी. रिंग जोडायला आणि उतरवायला नवी मुलंच लागतात, तुम्हालाही लावतील, आणि लावलंच पाहिजे. तुम्ही स्टेडियमची सवय असलेले. त्या शंभर माणसांसाठी तुम्ही तितक्याच मनापासून पडू शकाल का? हे तुम्हाला आज सांगता येणार नाही, मलाही येत नाही. सहा महिने सराव केल्यावर मात्र कळेल. एखाद्या संध्याकाळी, अंग ठणकत असताना, बघायला कोणी नसताना, तुम्हाला परत रिंगमध्ये जावंसं वाटलं तर तुमचं वेड रेसलिंगचं आहे. नाही वाटलं तर तुम्हाला फक्त गर्दी हवी होती, आणि गर्दीपर्यंत जाण्याचे मान न मोडणारे रस्तेही आहेत. समालोचन आहे, टीव्ही आहे, प्रशिक्षण आहे.

बायकोची भीती दूर करायला तिला समजावत बसू नका. तिला डॉक्टरांकडे सोबत न्या. तुमच्यासमोर तिला जे विचारायचं ते विचारू द्या. आणि तिच्याबरोबर आधीच ठरवून टाका की पुन्हा डोक्याला मार लागला, कितीही हलका वाटला तरी, थांबायचं की नाही हे तुम्ही एकट्याने ठरवणार नाही. त्या अवस्थेत माणसाला आपण ठीक आहोत असंच वाटत असतं. डब्ल्यूडब्ल्यूईचा रेसलर डॅनियल ब्रायन याला २०१६ मध्ये डोक्याच्या अशाच मारांमुळे निवृत्त व्हावं लागलं. त्याचं स्वतःचं म्हणणं होतं की आपण लढू शकतो, पण त्याला दोन वर्षं रिंगमध्ये उतरू दिलं गेलं नाही. तपासण्यांवर तपासण्या झाल्यावर, डॉक्टरांनी परवानगी दिली तेव्हा, २०१८ मध्ये तो परतला. तुमच्याकडे डब्ल्यूडब्ल्यूईचे डॉक्टर नसतील. तुमच्या बाबतीत 'आज नाही' म्हणायचा अधिकार तिच्याकडे असू द्या.

राहिली ती कंपनी. त्यांना लिहा की प्रस्तावाबद्दल आभारी आहे, या शोमध्ये लढणार नाही. करार संपल्यावर तपासण्यांचे अहवाल घेऊन तुमच्या प्रशिक्षण वर्गात साधा विद्यार्थी म्हणून यायला तयार आहे, किमान वर्षभर. शोला नाव हवंच असेल तर रिंगच्या कडेला पाहुणा म्हणून येतो. वीझेनेही सुरुवात तशीच केली होती, २०१४ मध्ये फ्रँकफर्टच्या एका शोमध्ये पाहुणा म्हणून घंटा वाजवून. सोबत हेही विचारा की तुमच्याकडे शिकवतं कोण, त्यांनी स्वतः किती वर्षं रिंगमध्ये काढलीत, त्यांच्या हाताखाली शिकलेले किती जण आज लढतायत आणि जखमी होऊन किती थांबले, सरावाला प्रथमोपचार करणारा माणूस हजर असतो का. चांगली शाळा या प्रश्नांवर रागावत नाही. त्यांनी टाळाटाळ केली, किंवा 'आत्ता नाही तर कधीच नाही' असं ऐकवलं, तर दुसरी शाळा शोधा, आणि ती निवडायच्या आधी तिथला एक अख्खा सराव बाकावर बसून बघून या.